वहिनीची यादी आणि माझी सी

वहिनी, तू जाऊन आज आठवा दिवस. गणपती तीन दिवसांवर आलाय आणि आरतीची यादी अजून लागलेली नाही. लिफ्टशेजारच्या बोर्डावर तिच्या जागी सध्या पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस आहे. येणारा-जाणारा त्या नोटिशीसमोर थांबतो, मग लिफ्टमध्ये शिरतो. तुझ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण थांबतात सगळे.

काल महेश वर आला. मंडळाचा सेक्रेटरी असून दारातच अवघडून उभा राहिला. म्हणाला, "विजूभाऊ, ही वेळ नाय बोलायची, माहितेय मला. पण यादीचं काय करू? वहिनींच्या लॅपटॉपमध्ये आहे सगळं. आमच्यात कोणाला जमत नाय. तुम्ही तर त्याच लाइनमधले."

त्याच लाइनमधला. हे ऐकून तू माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली असतीस आणि मला पुढे तोंड उघडायची सोय राहिली नसती. मी महेशला म्हटलं, उद्या देतो. तीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि दर शनिवारी परळच्या एका क्लासात नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या माणसाला तुझी यादी काढायला असा किती वेळ लागणार, असं मला वाटलं.

आपली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्याला अडीच वर्षं होऊन गेली. तरी आरतीचा मान जुन्या खोल्यांच्या नंबरानेच लागतो. तुझा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट नंबर मला अजून विचार करून सांगावा लागतो. तू आणि दादा म्हणजे खोली सत्तावीस, आणि लग्नानंतर मी वेगळी घेतली ती तेहतीस. अठ्ठेचाळीस खोल्या, दहा दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ आरती, आणि प्रत्येक घराच्या हातात एकदा तरी ताट आलंच पाहिजे. बदलापूरला राहायला गेलेल्यांच्यासुद्धा. आधी ही यादी मंडळातले पुरुष करायचे आणि दर वर्षी चतुर्थीच्या आत भांडण व्हायचं. मग कोणीतरी म्हणालं, "सत्तावीसमधल्या वहिनींना द्या, त्या कोणाचंच ऐकत नाहीत." अशी तुझी नेमणूक झाली. परळच्या हॉस्पिटलात आयुष्यभर केसपेपर लावलेली बाई तू. तुझ्या यादीत कोणाचा मान चुकला नाही.

लांब वहीत तू पेन्सिलीने यादी करायचीस. एखाद्या घरी कोणी गेलं, सुतक आलं, की ते घर काढून दुसऱ्याला पुढे आणायचं, मग तिसऱ्याला मागे. खोडून खोडून कागद पातळ व्हायचा. ती वही काल हाताला लागली. उजेडात धरली की एका पानातून दुसरं पान दिसतं.

तू रिटायर झालीस आणि महिन्याभरातच विचारलंस, "विजू, मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. पहिली भाषा कुठली घेऊ?" तू कोलंबी सोलत होतीस, मी चहा पीत होतो. मी हसलो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

"कशाला शिकायचंय पण?"

"यादी करायला. आणि इतकी वर्षं बघते, सकाळी घरातून निघतोस, काय करतोस ते एकदा कळू दे की."

मग तूच म्हणालीस की मोबाइलवर एक बाई शिकवते, ती म्हणते सुरुवातीला पायथन सोपी. झालं, माझ्या अंगात आलं. सोपी आहे म्हणूनच नको, असं मी सांगितलं. आधी सी. सीमध्ये मशीन आतून कसं चालतं ते कळतं, पायथन सगळं आयतं देते, आयत्यावर वाढलेला माणूस पुढे अडतो, पाया पक्का हवा. मी तासभर बोललो असेन. तू एक कोलंबी हातात धरून ऐकत होतीस आणि शेवटी म्हणालीस, "माका इमारत बांधूची नाय रे, यादी करूची हा."

मी तेही खोडून काढलं. तू उरलेल्या कोलंब्या सोलल्यास, हात धुतलेस आणि म्हणालीस, "बरं. तू म्हणतोस तर सी." त्या एका वाक्यावर तू सहा महिने काढलेस.

खरं सांगू का, पाया वगैरे तोंडाने बोलायच्या गोष्टी. मी सीपासून सुरुवात केली होती, एवढंच माझं कारण होतं. दादरच्या त्या क्लासात सर पहिले दोन महिने मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. प्रोग्राम वहीत लिहायचा, सर लाल पेनाने फुल्या मारायचे. मी रडकुंडीला आलो होतो आणि तरी टिकलो, म्हणून मला वाटत राहिलं की शिकणं ते हेच. त्या क्लासची चौकशी करायला माझ्याबरोबर कोण आलं होतं, आठवतं? आईला त्यातलं काही कळत नव्हतं, दादा कामावर, म्हणून तू आलीस. सरांना फी, वेळ, नोकरी, सगळं तूच विचारलंस. निघता निघता म्हणालीस, "इथे बायका पण शिकतात का हो?" सर म्हणाले, "येतात की." तू "बरं" म्हणालीस आणि आपण चालत घरी आलो. तू ते का विचारलं होतंस, हे मी तुला कधीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

तर सी. रोज संध्याकाळी सातला स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप, तुझी वही आणि माझा चढलेला आवाज. पहिल्या प्रोग्रामने जगाला हॅलो म्हणायचं असतं, तशी रीतच आहे. तू म्हणालीस, "ओळख ना पाळख, जगाला कशाला हॅलो?" मी म्हटलं, तसंच करतात. तू तसंच केलंस. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की सी अडून बसते, आणि तुझा दर दिवशी एक तरी राहायचाच. मी "वहिनी, परत?" म्हणायचो. क्लासातली मुलं माझं हे 'परत' ऐकून घेतात, कारण त्यांना परीक्षा असते. तुला काय होतं? तरी तूही ऐकून घेतलंस.

एक दिवस मात्र छान गेला. पॉइंटर म्हणजे काय ते मी तुला चाळीवरून सांगितलं. खोली वेगळी आणि दारावरची पाटी वेगळी. एका खोलीला दोन पाट्या लावता येतात, एक नवऱ्याच्या नावाची, एक बायकोच्या. कुठलीही पाटी वाचून आत गेलात तरी खोली तीच, सामान तेच. एका पाटीने शिरून पलंग हलवला, की दुसऱ्या पाटीने आलेल्यालाही तो हललेलाच दिसणार. तू वहीत एक खोली आणि दोन पाट्या काढून बघितल्यास. मग म्हणालीस, "आपल्या सत्तावीसला तर एकच पाटी होती. तुझ्या दादाची." मी हसलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

आणि मग तो दिवस. तू तीच चूक चौथ्यांदा केलीस आणि मी म्हणालो, "अगं, हे नववीतल्या पोराला कळतं." तू वही मिटलीस. "डोळे दुखतात रे हल्ली," म्हणालीस, "राहू दे आता." मला बरं वाटलं, वहिनी. माझे संध्याकाळचे दोन तास मोकळे झाले म्हणून बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

पुढचं याहून वाईट. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती, खालच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. कोणीतरी विचारलं, वहिनींचं कॉम्प्युटर शिकणं कुठवर आलं? मी मोठ्या आवाजात म्हणालो, "नाही झेपलं हो वहिनीला. वय असतं ना प्रत्येक गोष्टीचं." दोघं-तिघं हसले. तू प्रसाद वाटत होतीस. माझ्या हातावर शिरा ठेवलास आणि म्हणालीस, "हो ना, डोळे साथ देत नाहीत." मला सांभाळून घेतलंस तू. सगळ्या बिल्डिंगसमोर मी तुझं नाव घालवलं आणि तू मला पुरा एक घास शिरा जास्त दिलास.

गेल्या वर्षी यादी बोर्डावर लागली ती छापलेली. ठळक अक्षरं, नीट चौकटी. मला वाटलं मंडळाने बाहेरून कोणाकडून करून घेतली. गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. सहा नंबरमधले आजोबा गेले होते, त्यांचं घर यादीतून बरोबर काढलेलं होतं. पण चाळीस नंबरवाले सावळारामभाऊ आरतीच्या आधी पाच मिनिटं खाली येऊन म्हणाले, "आम्हाला पण सुतक आहे ना. गेले ते माझे सख्खे चुलते." त्यांच्या जागी ताट घ्यायला कोणी नाही. सगळ्यांची धावपळ. कोणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरला भावकी कुठे कळते?" त्यावर तू मागून पुढे आलीस.

"चूक कॉम्प्युटरची नाय. माझी आहे. मी त्याला सांगितलंच नव्हतं कोण कोणाचा."

तेव्हा मला कळलं. एवढ्या लोकांत मी तुझ्याकडे बघतच राहिलो. तू माझी नजर चुकवून अठरा नंबरच्या सुमनताईंना म्हणालीस, "या, तुम्ही घ्या ताट."

त्या दुपारी मी वर आलो. खरं तर यायला हवं होतं शाबासकी द्यायला. आलो आणि म्हणालो, "दाखव बघू काय लिहिलंयस." तू लॅपटॉप उघडलास. पायथन. मी दोन मिनिटं वरखाली केलं आणि माझ्या तोंडून काय निघालं? "चालतंय, पण हे खरं प्रोग्रॅमिंग नव्हे. सगळं तीच करते, तू काय केलंस?"

तू चिडली नाहीस. भाजीची कोथिंबीर निवडत होतीस, ती निवडतच राहिलीस. "विजू, मी या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास. तुझ्या आईने मला पहिलं वर्षभर मिक्सरला हात लावू दिला नाय. वाटप पाट्यावरच. का, तर हाताला अंदाज यायला हवा."

"मग आला ना अंदाज?"

"आला. मिक्सरवर पण आला असता."

"अगं पण पाट्यावरच्या वाटपाची चव..."

"ती तू खाल्लीस," तू म्हणालीस. "वाटलं मी."

तू पुढे म्हणालीस, "आणि तुझ्या सीत मला सुतकाला पण इंग्लिश नाव शोधावं लागायचं. इथे मी सुतकाला सुतकच म्हणते. खोलीला खोली. मराठी नावं चालतात, तुला ठाऊक होतं?" मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं या धंद्यात असून कधी करून बघावंसं वाटलं नव्हतं. पण तसं न म्हणता मी म्हणालो की पुढे कधीतरी कुठेतरी अडशील, तेव्हा माझा पाया आठवेल. तेवढ्यात बेल वाजली, बदलापूरची मंडळी आली. तू उठता उठता म्हणालीस, "गौरी जाऊ देत, मग तुझा पाया खणते मेल्या."

गौरी गेल्या, गणपती गेले, वर्ष गेलं. आपण रोज भेटत होतो. बांगडे कुठे ताजे मिळाले, दादाची साखर किती आली, लिफ्ट कोणी बंद पाडली, सगळं बोललो. हे तेवढं राहिलं. एकदा मी वाक्य तयार करून नवव्या मजल्यावर आलो होतो. 'वहिनी, तुझं बरोबर होतं, आणि त्या पूजेच्या दिवशी मी बोललो ते चूक होतं.' एवढंच वाक्य. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "बरा आलास, हे झाकण निघत नाय, काढून दे." मी बरणी उघडून दिली, लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि खाली उतरलो.

मग तो ताप आला आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी बसून होतो. बोलता आलं असतं. पण तेव्हा बोललो असतो तर तुला कळलं असतं की आम्ही आशा सोडली. म्हणून तिथेही मी लिफ्टच्याच गोष्टी केल्या.

आज सकाळी दादाने तुझा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. तो माझाच जुना लॅपटॉप, तू त्याला जुन्या ओढणीचा गलेफ शिवला होतास. दादा शेजारी खुर्ची घेऊन बसला. हल्ली तो तुझ्या वस्तूंच्या जवळ बसतो. म्हणाला, "ती शेवटी शिकली ती कुठली रे? तुझी की ती दुसरी?"

"दुसरी," मी म्हटलं.

"मग तुझी पहिली शिकून फुकट गेली म्हण."

तुझ्या फोल्डरमध्ये फाइली ओळीने लावलेल्या, केसपेपर लावावेत तशा. सगळ्यात पहिल्या फाइलीचं नाव 'पहिला'. तारीख बघितली. सत्यनारायणाच्या पूजेनंतरचा दुसरा दिवस. आत एकच ओळ. सगळे जगाला हॅलो म्हणतात तिथे तू वेगळंच लिहिलं होतंस. मी ती चालवली आणि पडद्यावर आलं, "झेपतं."

वहिनी, मला दादासमोर रडू आलं. दादाला वाटलं तुझ्या आठवणीने आलं. तेही होतंच, पण मी खाली मान घालून बसलो तो लाजेने.

थोड्या वेळाने मोठी फाइल उघडली, यादीची. पहिल्यांदा बघतो तर पसारा. या खोलीला ही अट, त्या खोलीला ती अट, एकेकीसाठी वेगळी ओळ. माझा हात शिवशिवला. जित्याची खोड, दुसरं काय. एक प्रत करून घेतली आणि सुतकाचे प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, पंधरा-वीस ओळी काढून सगळं तीन ओळींत सुटसुटीत बसवलं. यादी निघाली, अगदी देखणी. महेशला फोनवर वाचून दाखवली तर तो दुसऱ्याच दिवसाला अडला. "विजूभाऊ, नऊ नंबरचे नाना संध्याकाळी कसे येणार?" का नाही येणार, मी विचारलं. तो म्हणाला, "मला नक्की नाय माहीत, पण वहिनी त्यांना नेहमी सकाळीच द्यायच्या."

मग मी माझी प्रत टाकून दिली आणि तुझी फाइल वरपासून वाचायला घेतली, प्रत्येक ओळ. ओळींच्या कडेला तू टिपा लिहिल्या आहेस. मशीन त्या टिपा वाचत नाही, त्यांनी काही घडत-बिघडत नाही. त्या असतात पुढे जो कोणी हे उघडेल त्याच्यासाठी. क्लासात मी मुलांना ओरडत असतो की टिपा लिहा, आणि स्वतः कधी लिहीत नाही. तू लिहिल्यास.

"खोली नऊ. सकाळीच. संध्याकाळी नानांचा डायलिसिस असतो. त्यांना कोणाला सांगायचं नाही, म्हणून कारण विचारलं तर माझं नाव सांगा, म्हणा वहिनी हट्टी आहेत."

"खोली अठरा. सुमनताई एकट्या. ताट त्यांच्याच हातात द्यायचं, पुतण्याच्या नाही. नवरा नाही म्हणून ताट नाही, असं इथे चालणार नाही. चर्चा नको."

"खोली अकरा आणि बारा एकत्र नकोत." त्याच्या खाली नंतर लिहिलेलं, "एकदा मुद्दाम एकत्र ठेवून बघितलं. बोलले. आता एकत्रच ठेवा."

दादा वाकून वाचत होता. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी राहून त्याला यातलं निम्मं माहीत नव्हतं. "हिने कधी सांगितलं नाही," एवढंच म्हणाला. मी पसारा म्हणालो होतो त्यात सबंध चाळ होती, मजले पाडून झाले तरी तू तशीच उभी ठेवलेली.

आणि मग मधोमध ती जागा आली. तू गेल्या वर्षीची यादी जपून ठेवून तिच्यावरून नवी करायला निघाली होतीस. दुसरं नाव दिलंस, म्हणजे दुसरी यादी झाली असं तुला वाटलं. नवीत बदल केलेस की जुनीही बदलायची. नवशिके इथे हमखास पडतात. माझ्या क्लासातली पोरं तर महिना महिना पडून राहतात, कारण पायथन त्यांना सांगत नाही की नावं दोन असली तरी माल एकच आहे. तूही पडलीस. चार-पाच वेळा केलेली खटपट तू तशीच शेजारी ठेवली आहेस. आणि मग बरोबर उत्तर, प्रत वेगळी काढून. त्याच्या कडेला लिहिलंयस, "दोन पाट्या, खोली एकच. विजूने सीत शिकवलेलं. ते आठवलं म्हणून सुटलं. म्हणजे अगदीच फुकट नाही गेलं. त्याला सांगायचं."

त्याला सांगायचं, असं लिहून ठेवलंस आणि सांगितलं नाहीस. का गं? मी किती मिरवीन या भीतीने ना? वर्षभर मी एक वाक्य मनात ठेवून नवव्या मजल्यावर येत होतो आणि तूही एक वाक्य तयार करून बसली होतीस, आणि आपण दोघं लोणच्याच्या बरणीवर वेळ घालवत होतो. आपण एकाच घरातले, यात शंका नाही.

दुपारी प्रोग्राम चालवला. तो एकेका खोलीचं विचारतो. "खोली एक. सुतक आहे का?" मी नाही लिहीत गेलो. दोन, तीन, दहा, वीस. सव्वीसनंतर माझा हात थांबला.

"खोली सत्तावीस. सुतक आहे का?"

हा प्रश्न तू लिहिलास तेव्हा तुझ्या डोक्यात सहा नंबरचे आजोबा असतील, सावळारामभाऊ असतील. एकच अक्षर लिहायचं होतं. मी दादाकडे बघितलं, तो खिडकीकडे बघत होता. मी हो लिहिलं, कधीपासून तेही लिहिलं. प्रोग्राम पुढे गेला. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस आणि एकदम चौतीस.

तेहतीस विचारलीच नाही. माझी खोली. मला वाटलं, सापडली चूक, आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बरं वाटलं. फाइलीत शोधलं. गेल्या वर्षीच्या घोळानंतर तू भावकीची यादी घातली होतीस, कोणाचं सुतक कोणाला लागतं त्याची. पहिलीच ओळ सत्तावीस आणि तेहतीस. कडेला टीप, "विजू आमचाच. वेगळं विचारायची गरज नाही."

शेवटी यादी आली. आपल्या दोन्ही खोल्या पहिल्या तीन दिवसांत नव्हत्या. तेराव्यानंतरच्या सकाळी, चौथ्या दिवशी, पहिल्या आरतीला दोन नावं एकत्र होती, सत्तावीस आणि तेहतीस. खाली प्रत्येक सुतकाच्या घरासाठी तू लिहिलेला निरोप, "तुमचा मान राखून ठेवला आहे. सावकाश या."

मी ती ओळ दादाला वाचून दाखवली. त्याने लॅपटॉपचा गलेफ मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली.

मग मी एक केलं. 'त्याला सांगायचं' या तुझ्या टिपेखाली एक टीप लिहिली, आयुष्यातली माझी पहिली. "पोचलं, वहिनी. पहिली भाषा तूच बरोबर निवडली होतीस. पूजेच्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं." येत्या शनिवारी नवी बॅच बसतेय, त्यांना पहिल्या दिवशी पायथनच शिकवणार. पाट्यांची गोष्ट मात्र सांगणार, तेवढं माझं राहू दे.

फाइलीला हात लावला की प्रोग्राम पुन्हा चालवून बघायचा, ही माझी सवय. टिपेने काही बिघडत नाही हे माहीत असूनही चालवला. पुन्हा एकपासून प्रश्न. पुन्हा सव्वीसपर्यंत नाही, नाही. पुन्हा तो प्रश्न आला आणि माझा हात पुन्हा थांबला.

"सरक," दादा म्हणाला. "ते मी लिहितो."

त्याने खिशातून चष्मा काढला, की-बोर्डावर अक्षरं शोधली. तुझ्या लॅपटॉपवर त्याने आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका बोटाने सावकाश त्याने हो लिहिलं, आणि यादी लागली.